किल्ली नसलेली गाडी

१० नोव्हेंबर, रविवार

मागच्या फाटकाची कडी आज पुन्हा उघडी. काल मी स्वतः लावली होती. लावून वर हलवूनही पाहिली होती — म्हणजे विसरलो असं म्हणायला जागा नाही.

गाडी होती जागेवर. पत्र्याच्या शेडमध्ये, लोखंडी घोडीवर, ताडपत्रीखाली. ताडपत्री उचलून टाकीला हात लावला तेव्हा कुठे श्वास सुटला.

मागच्या बोळातून गेल्या आठवड्यात शिंप्याची स्कूटर गेली. त्याआधी कुरिअरवाल्याची मोटारसायकल, तीही भरदिवसा. तो जिना चढून पाकीट देऊन खाली येतो तर नाही. त्यांच्या गाड्यांना निदान कुलूप तरी होतं. हिला किल्लीच नाही. डर्ट बाइकला, म्हणजे चिखलातल्या शर्यतीच्या गाडीला, नसते. दिवे नाहीत, नंबरपाटी नाही, हँडलचं कुलूप नाही. किक मारली की सुरू, हँडलवरचं लाल बटण दाबलं की बंद. लग्न झाल्यावर मी बायकोला एकदा विचारलं होतं, हिची किल्ली कुठे ठेवतेस? तर म्हणाली, "चिखलात पडल्यावर किल्ली कोण शोधत बसणार?"

ती ऑगस्टमध्ये गेली. गाडीवरून पडून नाही. ताप आला, तो डोक्यात गेला, आणि आठवड्यात सगळं संपलं. तिची आई जन्मभर सांगत आली, ही गाडी एक दिवस तुझा जीव घेणार. गाडीवर साधा ओरखडा नाही.

आज रविवार म्हणून सुरू केली. ती एका किकेत करायची, मला घाम फुटतो. गॅरेजच्या मिस्त्रीने बजावलंय — आठवड्यातून एकदा इंजिन चाललं पाहिजे, नाहीतर पेट्रोल आतल्या आत सुकून चिकटा होतो आणि मग गाडी गेली समज. मला ती चालवता येत नाही. नुसती जागेवर सुरू करतो आणि शेजारी उभा राहतो.

११ नोव्हेंबर

हार्डवेअरच्या दुकानात सगळ्यात जाड साखळी मागितली.

"काय बांधायचंय? हत्ती?"

मी गाडीचं सांगितलं. दुकानदार म्हणाला, "अहो, ती दोघं मिळून उचलून नेतील. साखळीसकट. भिंतीत कडं ठोका आधी."

संध्याकाळी कडं ठोकलं. भिंतीचं प्लास्टर वीतभर निघालं. आई स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होत्या. (आई म्हणजे सासूबाई. ती एकुलती एक, त्यामुळे त्या पहिल्यापासून आमच्याकडेच. आता आम्ही दोघंच.) म्हणाल्या, "माणसाला धरून ठेवायला मिळत नाही का असलं काही दुकानात?"

मी कडं ओढून पाहिलं. कडं घट्ट बसलंय.

१२ नोव्हेंबर

कामावरून अर्धा तास लवकर सुटून पोलीस चौकीत गेलो. हवालदार जांभई देत होता.

"गाडीचा नंबर?"

"नाही. रस्त्यावर चालवायची नसते ती."

"कागदपत्रं?"

"नाहीत. तिने जुनी घेतली होती, एका खेळाडूकडून."

"मग चोरीला गेलेली गाडी तुमचीच, हे सिद्ध कशावरून करणार?"

"अजून गेली नाहीये."

त्याने पेन खाली ठेवलं. "मग आलात कशाला?"

बरोबर आहे त्याचं. गेल्याशिवाय तक्रार नाही, आणि गेल्यावर पुरावा नाही.

१४ नोव्हेंबर

कडी उघडी. साखळी जागेवर.

१५ नोव्हेंबर

मिस्त्रीकडे गेलो. तो तिच्या गाडीचं सगळं काम करायचा. म्हणाला, "सोपं आहे. प्लग काढून खिशात ठेव. प्लगशिवाय बापजन्मात सुरू होणार नाही."

"पण उचलून नेली तर?"

"मग पुढचं चाकही काढ."

तो थट्टा करत होता हे मला घरी येऊन चाक काढल्यावर लक्षात आलं. चाक झोपायच्या खोलीत आणून भिंतीला टेकवलं. टायरच्या खाचांत चिखल अजून आहे, वाळून दगड झालेला. तो पडू नये म्हणून खाली वर्तमानपत्र घातलं. आईंनी दारातून पाहिलं.

"आता याला पांघरूण हवं का?"

प्लग दिवसभर खिशात. आम्ही चष्म्याची भिंगं घासतो, एका काट्याचा फरक झाला तरी माणसाला पायरी वाकडी दिसते. आज एका बाईंचा डावा नंबर उजव्या भिंगाला घासला गेला. मालक ते भिंग नुसतं माझ्यासमोर ठेवून गेले. ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

१६ नोव्हेंबर

सात येऊन गेली, बायकोची शर्यतीतली मैत्रीण. ट्रॅकवर कोणी कोणाला नावाने हाक मारत नाही. छातीवर जो नंबर तेच नाव. ही सात, बायको एकेचाळीस. सातचं खरं नाव मला माहीत आहे पण तोंडात येत नाही.

तिने स्वतःच चहा केला, आईंना दिला, माझ्यासमोर ठेवला. घरातलीच आहे. स्वयंपाकघराच्या दारामागे साखळीच्या कुलपाची किल्ली लटकवली होती ती पाहून म्हणाली, "अरे वा, बंदोबस्त."

मग हळूच विषय काढला. या हंगामात एकेचाळीस नंबर कोणाला देणार नाहीत, जागा मोकळी ठेवणार. "पण गाडी अशी उभी राहून खराब होते, भाऊजी. माझ्याकडे द्या. मी चालवीन. ट्रॅकवर शेड आहे, रखवालदार आहे."

मी नाही म्हटलं. ती म्हणाली, "तिला आवडलं नसतं, असं बांधून ठेवलेलं."

तिला काय आवडलं असतं हे मला लोकांनी सांगावं!

आई चहाचा कप हातात धरून बसल्या होत्या. चहा तसाच निवला.

१७ नोव्हेंबर, रविवार

चाक बसवलं. प्लग बसवला. किक मारत राहिलो. सुरू झाली तेव्हा सगळा पत्रा थरथरायला लागला. तो आवाज झाला की मला — लिहिता येत नाही. एवढंच की तेवढा वेळ घर रिकामं वाटत नाही.

आईंनी खिडकी लावून घेतली. धुरामुळे असेल.

शेजारचे निवृत्त मास्तर कुंपणापाशी आले, कानात बोटं घालून. "रागावू नका, पण दर रविवारी तुम्ही अख्ख्या गल्लीला दवंडी पिटता. आमच्याकडे काय आहे ते ऐका हो, ऐका."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं! इतकी कुलपं घालतो आणि आठवड्यातून एकदा स्वतःच गाव गोळा करतो. सुरू केली तर चोराला कळणार. नाही केली तर आतून मरणार. आज संध्याकाळपर्यंत हाच विचार. वाट सापडत नाही.

आत गेलो तर गॅसवर मोठ्या पातेल्यात पाणी खळखळा उकळत होतं आणि आई तिथे नव्हत्या. गॅस बंद केला. वय झालंय त्यांचं.

१८ नोव्हेंबर

चाक परत खोलीत. प्लग खिशात. जेवण गेलं नाही.

२० नोव्हेंबर

कुलूप उघडं! तोडलेलं नाही, उघडलेलं. साखळी गोल करून नीट खाली ठेवलेली. फाटक सताड. गाडी चाकाशिवाय घोडीवर तशीच.

दुपारी कुलूपवाल्याला दाखवलं. त्याने भिंग लावून पाहिलं. "यात तार-बिर काही घातलेली नाही. किल्लीने उघडलंय, साहेब. घरचंच कोणीतरी असेल."

घरचं कोण आहे? मी आणि सत्तरीची म्हातारी. किल्ली दारामागे असते हे आणखी एकाच माणसाला माहीत आहे.

२१ नोव्हेंबर

सातला फोन केला. मी कधी कोणाला मोठ्याने बोलत नाही. आज बोललो. म्हटलं, मागून मिळाली नाही म्हणून आता किल्लीने उघडून न्यायला लागलीस का? ती मेली म्हणून तिच्या वस्तू वाऱ्यावर पडल्या असं वाटलं का तुला?

ती म्हणाली, "भाऊजी, तुम्ही जेवलात का?"

मी फोन ठेवला.

आई दाराशी होत्या. सगळं ऐकलं असावं. काहीतरी बोलायला आल्यासारख्या वाटल्या, पण पदर सावरून आत गेल्या.

२३ नोव्हेंबर, शनिवार

गाडी घरात आणली. दुसरा इलाज नव्हता. चाक बसवलं, हँडल तिरकं करून, दाराची एक फळी काढून, एकट्याने आत घेतली. पुढच्या खोलीतच मावते. तिथे आईंची खाट आहे. खाट भिंतीला सरकवली, मध्ये वीतभर जागा राहिली. त्यांना आता आडवं होऊन जावं लागतं.

पेट्रोलचा वास घरभर. मी म्हटलं, "थोडे दिवस, आई. काहीतरी सोय होईपर्यंत."

"असू दे," म्हणाल्या. खाटेवर बसल्या तर गुडघे टायरला लागत होते. त्या गाडीकडे बघत बसल्या. "उद्या रविवार," म्हणाल्या. "उद्या इथेच सुरू करणार?"

"फक्त दहा मिनिटं. खिडक्या उघडतो."

माझ्या ताईचा फोन आला. कोणीतरी कळवलं असणार. "घरात गाडी? म्हातारीच्या उशाशी? अरे, अक्कल गहाण टाकलीस का?" तिला काय समजावणार. जी वस्तू राखायची ती डोळ्यांसमोर हवी.

२४ नोव्हेंबर, रविवार

सगळं नीट लिहून ठेवतो.

सकाळी आंघोळीला गेलो होतो. अंगावर पाणी घेतलं आणि पुढच्या खोलीतून कोसळल्याचा आवाज. तसाच टॉवेल गुंडाळून धावलो. पुढचं दार सताड उघडं. गाडी उंबरठ्यावर आडवी. आई तिच्याखाली. एक पाय अडकलेला, आणि दोन्ही हात अजून हँडलवर.

मला वाटलं चोर आला, यांनी अडवला. मी बाहेर बघितलं, कोण होता, कुठे गेला? आई म्हणाल्या, "कोणी नाही. आधी ही उचला."

उचलली. पाय सुजायला लागला होता. त्यांना खाटेवर बसवलं. मी पाणी आणलं. त्यांनी ते घेतलं नाही.

"मीच ढकलत होते. तुम्ही न्हाऊन यायच्या आत रस्त्यावर उभी करायची होती."

"कशाला?"

"कोणीतरी नेईल म्हणून. कडीही मीच काढायचे. कुलूपही मीच काढलं. त्या पोरीला उगाच बोललात तुम्ही. तेव्हाच सांगणार होते, पण धीर झाला नाही."

मी उभाच. टॉवेलमधून पाणी गळत होतं.

"आणि चोरांना तरी काय झालंय कोणास ठाऊक," त्या म्हणाल्या. "इतके दिवस फाटक उघडं टाकलं, एक मेला फिरकला नाही. शिंप्याची ती खटारा स्कूटर नेली. ही नाही नेली."

मला हसू आलं. खरंच आलं. मग त्यांनाही आलं असावं, कारण त्यांनी तोंडावर पदर घेतला. पण पदर बराच वेळ खाली आला नाही.

मी म्हटलं, "मला सांगायचं होतंत. विकून टाकली असती."

"खोटं बोलू नका."

खोटंच होतं.

"तुमच्याकडे तेवढंच राहिलंय," त्या म्हणाल्या. "ते मी कुठल्या तोंडाने मागू? चोराने नेलं असतं तर कोणाचाच दोष नव्हता." मग पायाकडे बघत म्हणाल्या, "रविवारी तुम्ही किक मारता. मी कितीही ठरवलं तरी माझा हात पातेल्याकडे जातो. चिखलाने भरून येणार, अंगाला कढत पाणी लागणार. पाणी उकळतं आणि मग मला कळतं. दर रविवारी मला नव्याने कळतं."

डॉक्टरकडे नेलं. हाड शाबूत आहे. घट्ट पट्टी बांधली, पायावर भार देऊ नका म्हणाले. कसं लागलं विचारलं तर आई म्हणाल्या, "मोटारसायकलवरून पडले." डॉक्टरने वर पाहिलं. या वयात?

गाडी सुरू केली नाही. भिंतीकडे तोंड करून उभी केली.

२५ नोव्हेंबर

आज कामावर नीट दिसत नव्हतं. डोळ्यांचा धंदा आणि मला दिसत नाही.

ज्या आवाजाने मला ती आल्यासारखी वाटते त्याच आवाजाने त्यांना ती गेल्याचं कळतं. एकाच घरात, एका भिंतीच्या अलीकडे-पलीकडे. आणि मी चोर बाहेर शोधत होतो.

विकवत नाही. ठेववत नाही. बंद ठेवली तर मरेल, हेही आहेच. कोणाला विचारू? ज्या माणसाला विचारायचो तेच नाही.

२७ नोव्हेंबर

सातकडे गेलो. फोनवर माफी मागणं मला जमलं नसतं, समोर जाऊनही जमलं नाही. म्हटलं, "ते कुलूप — तू नव्हतीस." ती म्हणाली, "माहितीये." मग म्हटलं, "गाडी ने." तिने विचारलं, "नक्की?" मी म्हटलं, "लवकर ने. मी बदलायच्या आत."

३० नोव्हेंबर, शनिवार

सकाळी टेंपो आला. सातने आणि मी मिळून चढवली. सातने आईंना खुर्ची आणून दारात बसवलं. टेंपो वळेपर्यंत आईंनी मान वळवली नाही, मीही नाही.

प्लग माझ्या खिशातच राहिला होता. मागे धावलो. कोपऱ्यावर गाठलं. प्लग सातच्या हातात दिला आणि रस्त्यातच खाली बसलो. दम लागला म्हणून. ती उतरून शेजारी बसली. मागची गाडी हॉर्न वाजवत होती. सात तिला म्हणाली, "वाजव, वाजव. आम्हाला सवय आहे."

१ डिसेंबर, रविवार

शांत. शेजारचे मास्तर कुंपणापाशी येऊन गेले, "बरे आहात ना?" म्हणाले.

मी शेड झाडली. मग काही करायला नव्हतं म्हणून परत झाडली. आई ओट्याशी खुर्ची टाकून बसल्या होत्या. पातेलं पालथंच होतं. आम्ही दोघं एकमेकांना चुकवत होतो, दोन खोल्यांच्या घरात.

जेवताना म्हणाल्या, "तिकडे सुरू करेल ना ती आठवणीने?"

"करेल."

"नाही, पोरं विसरतात. विचारा फोन करून."

केला. सात म्हणाली, सकाळीच दोन फेऱ्या मारल्या, एकदम गुणी चालली. आईंना सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि मला आणखी भात वाढला. मी खाल्ला.

३ डिसेंबर

उजव्या भिंगाला उजवा नंबर, डाव्याला डावा. मालक म्हणाले, "आलास वाटतं परत."

५ डिसेंबर, गुरुवार

गाडी गेली. ट्रॅकवरच्या शेडमधून, आज दुपारी. दोघं टेंपो घेऊन आले आणि रखवालदाराला म्हणाले, "एकेचाळीसची न्यायला आलोय, घरून पाठवलंय." तिथे नंबर सांगितला की पुढे कोणी काही विचारत नाही. त्याने साखळी सोडून दिली, वर चढवायला हातभारही लावला. सात फोनवर नुसती रडत होती.

आईंना सांगितलं. त्या भाजी चिरत होत्या. विळी बाजूला सारली. मला वाटलं, चला, एक जण तरी सुटला. तर त्या भिंतीला धरून उठल्या, पट्टी बांधलेल्या पायात चप्पल जाईना तर पट्टी ओढून काढली, आणि दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"बसलायस काय? चल, ऊठ. उजेड आहे तोवर शोधू."